तीनदा राहून गेलेलं भाषण

"मॅडम, राहू दे की. पुढच्या वेळी बोलतो." शिरोलीच्या फाउंड्रीतल्या दादांनी घडी घातलेला कागद परत खिशात ठेवला. तिसऱ्यांदा. त्यांची सुट्टी रविवारी नसते, म्हणून सोबत्याशी पाळी बदलून ते सकाळी साडेसातला कोल्हापूरच्या राजारामपुरीत हजर होते. पहिलंच भाषण होतं त्यांचं. आणि ते कापलं मी, कारण आमच्या वक्तृत्व मंडळाचा कार्यक्रम मी आखते. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही १२ जण होतो. पद्धत टोस्टमास्टर्सची, म्हणजे भाषण करायला शिकवणाऱ्या जगभरच्या क्लबांची घेतली, भाषा आपली ठेवली. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात, वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत पहिला क्लब भरवला, तेव्हापासून ती पद्धत वाढत आली. भाषण ५ ते ७ मिनिटांचं. वेळ कळावी म्हणून पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, वर ३० सेकंदांची सवलत. मग त्या भाषणावर दुसऱ्या सभासदाचा २-३ मिनिटांचा अभिप्राय. नवख्यांना नेमकी हीच गोष्ट आवडते: आपलं कुणीतरी मन लावून ऐकलं.

मंडळ वाढलं ते ओळखी-ओळखीनं. स्पर्धा परीक्षेची पोरं आली, बचत गटाच्या ताई आल्या, विमा एजंट आले, करवीर तालुक्यातल्या एक ग्रामपंचायत सदस्या आल्या. आकडा ३४ वर गेला तेव्हा आम्ही पेढे वाटले. हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता. मी मांडला तो त्या रविवारी संध्याकाळी, वहीत.

सभा ९० मिनिटांची. भाषण, अभिप्राय आणि मधली उठबस धरली तर एका वक्त्याला १२ मिनिटं लागतात. तीन वक्ते म्हणजे ३६. उत्स्फूर्त विषयांवर आठ जण बोलले की २५ गेली. उरलेल्यात सुरुवात, भाषेचा अहवाल, 'अं' आणि 'म्हणजे' मोजणाऱ्याचा अहवाल, सूचना. १२ जण होतो तेव्हा प्रत्येकाची पाळी चार आठवड्यांनी यायची. आता बारा आठवड्यांनी. तीन महिन्यांतून एकदा आखाड्यात उतरून पैलवान होत नाही, हे खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात कुणाला वेगळं सांगायला नको.

सभा अडीच तासांची करून पाहिली. नऊ वाजले की माणसं घड्याळ बघायला लागतात. कुणाला मटणाच्या रांगेत उभं राहायचं असतं, कुणाची पोरं क्लासला सोडायची असतात. शेवटच्या वक्त्याला अभिप्राय मिळाला तेव्हा समोर नऊजण होते. भाषणं चार मिनिटांवर आणा, असंही एक मत होतं. मी विरोध केला. चार मिनिटांत सुरुवात आणि शेवट बसतो, मधला विचार बसत नाही. नवीन प्रवेश थांबवायचा विषय निघाला तेव्हा तर मी सरळ सांगितलं, की दार लावून घ्यायचं असेल तर मी या कामात नाही.

शेवटी दुसरी सभा काढायचं ठरलं, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला. मंडळातल्या एका काकांचा आक्षेप रास्त होता. टोस्टमास्टर्सचा क्लब सुरू करायलाच किमान २० सभासद लागतात, मग आपण १७-१७ झालो तर सभा टिकेल का? म्हणून मी कामं मोजली. सूत्रसंचालक, वेळ बघणारा, भाषा बघणारा, 'अं' मोजणारा, उत्स्फूर्त विषय देणारा, तीन वक्ते, तीन अभिप्राय देणारे, सगळ्या सभेचं परीक्षण करणारा. झाले १२. पाचजण गैरहजर राहिले तरी १७ मध्ये भागतं, आणि त्या दिवशी रिकाम्या हातानं कुणी बसत नाही. ३४ जणांत २२ जणांकडं ठरलेलं कामच नव्हतं. हे आकडे वाचून दाखवल्यावर काकाच म्हणाले, "मग बुधवारचं मी बघतो."

एक अट मी घातली. बोलण्यात मुरलेली माणसं दोन्हीकडं वाटून घ्यायची, नाहीतर एक सभा शिकवणाऱ्यांची आणि एक शिकणाऱ्यांची होऊन बसेल. सुरुवातीला थोडी नाराजी झाली, वर्षभर शेजारी बसणाऱ्या दोघी वेगळ्या झाल्या. ते मला अजून टोचतं.

दादांचं भाषण राहिलं त्याला नुसती संख्या कारण नव्हती, हेही लिहायला हवं. पाहुण्यांना 'दोन शब्द' बोलायला लावण्यात वीस मिनिटं जायची, आणि लाल कार्ड दिसूनही न थांबणाऱ्या ज्येष्ठांना मी अडवत नव्हते. आता पाहुणे फक्त नाव सांगतात. लाल कार्ड सगळ्यांना सारखं. पहिल्यांदा बोलणारा सगळ्यांत आधी उभा राहतो.

पहिल्या बुधवारी पावणेसातला दादा उभे राहिले. पहिल्या भाषणाला ४ ते ६ मिनिटं असतात. वाळूचा साचा ओला राहिला तर वितळलेलं लोखंड कसं उसळतं, ते त्यांनी हातांनी दाखवलं. ४ मिनिटं १० सेकंद. कागद खिशातच होता. पुढच्या बुधवारी कार्डं घेऊन वेळ बघायचं काम त्यांनी मागून घेतलंय.