नऊ तारखेची ओपीडी

दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासूनची ही केंद्राची योजना. त्या दिवशी आमच्या तुर्भ्याच्या दवाखान्यात बाकडी पुरत नाहीत. मी तिथे एएनएम, म्हणजे नर्स आहे.

रांगेत एक मुलगी कंबर धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. एकतिसावा आठवडा, आधीचं लेकरू सव्वा वर्षाचं. एका गोदामात कांदा-लसूण निवडायला जाते. "कालपासून कंबर भरून येते, मग सुटते, परत भरते," म्हणाली. असं भरणं-सुटणं ऐकलं की मी रांगेचा विचार करत नाही. टेबलावर घेतलं, पोटावर हात ठेवून बसले. पोट कडक झालं, सैल पडलं, पुन्हा कडक. अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं नव्हतं, तेवढं बरं.

सासूनं कारण घरूनच शोधून आणलं होतं: शेजारणीनं दिलेली पपईची फोड. पिकलेल्या पपईपायी किती सुनांनी बोलणी खाल्ली असतील देव जाणे. इकडे हिमोग्लोबिन कमी, आठच्या आसपास, आणि लघवीच्या तपासणीत पू-पेशी भरपूर. जळजळ होते का विचारलं तर म्हणे, "होते थोडी. उन्हाची असेल."

लघवीतला जंतुसंसर्ग अंगावर काढला की अवेळी कळा सुरू होऊ शकतात. पण तो झाला कशानं? सासूला केसपेपर आणायला पाठवलं, तेव्हा हळूच बोलली. गोदामातलं संडास लांब, दाराला कडी नाही, बाहेर पुरुषांची ये-जा. म्हणून सकाळचा चहा झाला की संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. "सगळ्याच बायका असं करतात, ताई." आमच्या कार्डावर रक्तदाब, वजन, साखर सगळ्याला रकाना आहे, कामावर संडास आहे का, याला नाही.

तंबाखूच्या रकान्यात मागच्या महिन्यात 'नाही' लिहिलेलं. सासू परत आल्यावर मी विचारलं, "मावशी, घरात दात कशानं घासता?"

"मिसरीनं. दोघीबी."

"मग तंबाखू नाही कशी?"

"आगं, ती तमाकू न्हाय, मिसरी हाय. पोट साफ व्हतंय तिनं."

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली निघाली. सासूला आकडे सांगितले नाहीत. बाळाच्या वाट्याचं रक्त तंबाखू आखडून धरतो, एवढंच म्हटलं. ती पपईवरच अडून होती.

तोवर डॉक्टरांनी डेक्सामेथासोन लिहिलं. सहा मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन मी दंडात दिलं. बारा-बारा तासांनी अशी चार घ्यायची असतात. बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं त्यानं जरा तयार होतात. मग १०८ बोलावली आणि नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असलेल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे उरलेली इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सलाईन. कळा थांबल्या.

छत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, सव्वादोन किलो. सदतीस पूर्ण नाहीत म्हणजे कागदावर अपुऱ्या दिवसांचीच, पण अंगावर ओढत होती, काचेत ठेवावं लागलं नाही. लसीला आल्या तेव्हा सासू म्हणाली, सुनेची मिसरी बंद केली. स्वतःची? "माझं आता काय ऱ्हायलंय?"

दोन बाळंतपणांत अंतर नसणं हेही लवकर कळा येण्याचं एक कारण, म्हणून मी तांबीचा, म्हणजे कॉपर-टीचा विषय काढला. सून म्हणाली, ह्यांना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.