फोर्ट कोचीचं हेरिटेज हॉटेल आणि तळमजल्याची खोली : माझा अनुभव

आईचे गुडघे गेलेत, तळमजल्याचीच खोली द्या. आता ही एक ओळ मी बुकिंगच्या वेळी अ‍ॅपवर लिहिली, मेलवर लिहिली, आणि निघायच्या पंधरा दिवस आधी फोन करून तोंडानंपण सांगितली. तिकडनं उत्तर आलं, "नोटेड सर." हे दोन शब्द कुणी ऐकवले की समजायचं, काहीही नोट केलेलं नाही.

कोल्हापुरातनं गाडीनं आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथनं नेत्रावती एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम. इथपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, झोपून गेलो. टॅक्सीनं फोर्ट कोचीला हॉटेलवर पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. नाव लिहीत नाही. हॉटेल देखणं आहे हे मान्य, जाड भिंती, कौलं, मधे चौक, लाकडी जिना. हा जिनाच तर सगळा लफडा.

रिसेप्शनवरचा पोरगा हसतमुखानं म्हणाला, सर तुमची रूम फर्स्ट फ्लोअर. मी जिना मोजून आलो, २४ पायऱ्या, आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्यात असतो तसला उभा, कठड्याला धरून चढायचा. लिफ्ट? नाही सर, हेरिटेज बिल्डिंग आहे. म्हणजे पोर्तुगीज १५०३ ला आले, डच १६६३ ला, इंग्रज १७९५ ला, आणि लिफ्ट बसवायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही! (सरकारी वर्गवारीत १९५० च्या आधीचा वाडा, हवेली, किल्ला असलं काहीतरी असलं की ते हेरिटेज हॉटेल होऊ शकतं, आमचा वाडापण बसेल की त्यात.)

मग सुरू झाली टोलवाटोलवी. हॉटेलवाला म्हणतो स्पेशल रिक्वेस्ट अ‍ॅपकडनं आलीच नाही. अ‍ॅपवाली म्हणते रिक्वेस्ट पाठवलीय पण ती 'उपलब्धतेनुसार' असते, हॉटेलशी बोला. मेल दाखवला तर म्हणे तो आयडी सेल्सवाल्यांचा, आमच्याकडं येत नाही. मधे पंचवीस मिनिटं कानाला बासरी. आई चौकातल्या बाकावर बसून मला म्हणते, "अरे चढते की मी, जोतिबाच्या पायऱ्या चढले नव्हं?" आई, तुला जोतिबाला जाऊन वीस वर्षं झाली! एवढ्यावर मी जरा मोठ्यानं बोललो, चूक माझीच, आवाज चढवला की समोरचा अजूनच "पॉलिसी सर, पॉलिसी" करत बसतो.

सुटलं कसं? खोल्या आवरणाऱ्या एका मावशीनं. ती आईकडं बघून मल्याळममधे त्या पोराला काहीतरी म्हणाली आणि कळलं की मागं स्वयंपाकघराशेजारी तळमजल्यावर एक खोली रिकामीच आहे. साडेतीन तास गेल्यावर! मग नवीन अडचण, ती खोली खालच्या कॅटेगरीची. फरक किती तर रात्रीला १८०० रुपये, तीन रात्रींचे ५४००. परत कोण देणार, तर हॉटेल म्हणतं अ‍ॅप, अ‍ॅप म्हणतं हॉटेल. शेवटी मी मॅनेजरला म्हटलं, खोली बदलली आणि दरात फरक आहे एवढं लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या, बाकी मी बघतो. तो कागद अ‍ॅपवर चढवला, एकोणिसाव्या दिवशी पैसे जमा. त्या दिवशी आमच्याकडं तांबडा-पांढरा झाला.

म्हणून सांगतो, 'ग्राउंड फ्लोअर प्लीज' असं लिहून काही होत नाही. खोलीचा नंबर मागा आणि तो नंबर बुकिंगवर लिहून घ्या. असल्या जुन्या इमारतीत दोन खोल्या सारख्या नसतात, फोटो तुमच्याच खोलीचा आहे का तेपण विचारा. शक्यतो थेट हॉटेलकडंच बुक करा, मधे तिसरा नको.

खोली बारकी होती पण आई खूश, सकाळी सहाला आप्पमचा वास यायचा. मासे पकडायची चिनी जाळी बघितली, सेंट फ्रान्सिस चर्चमधे वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं ती जागा बघितली, हाडं पुढं पोर्तुगालला नेली म्हणे. आईचं म्हणणं, "त्यालापण खोली बदलून दिली की."

हां, एक राहिलंच. एर्नाकुलमकडं जायला टॅक्सी करू नका, हायकोर्टापर्यंत वॉटर मेट्रो म्हणजे बोट आहे, एसी, आणि चढायला पायऱ्या नाहीत. आणि मट्टनचेरीचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवार-शनिवार बंद असतं. आम्ही शुक्रवारीच गेलो होतो.