दाढीचा साबण आधी वाळवावा, मग झाकावा

दाढीच्या साबणाची चांगली वडी रोजच्या वापरातही कित्येक महिने पुरते. ती लवकर संपल्याची तक्रार ऐकली की मी प्रथम तिची डबी पाहायला मागतो, कारण ब्रशने जेवढा साबण खर्च होतो त्याहून अधिक साबण डबीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात विरघळून वाया गेलेला असतो.

अंगाच्या साबणापेक्षा हा साबण ओल लवकर धरतो, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. अंगाची वडी बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड वापरून केलेली असते; दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, आणि पोटॅशियमचा साबण मऊ व पाण्यात चटकन विरघळणारा असल्यामुळे ब्रश फिरवताच दाट फेस येतो. त्यातल्या ग्लिसरीनमुळे त्वचा ओढल्यासारखी होत नाही, पण तेच ग्लिसरीन हवेतला दमटपणाही शोषून घेते. म्हणून बडोद्यात आषाढ-श्रावणात, पाण्याचा हातही न लावलेल्या वडीला घाम फुटल्यासारखे बारीक थेंब दिसू लागतात. तो साबण बिघडलेला नसतो. कोरड्या फडक्याने टिपला की पूर्ववत होतो.

दाढी झाल्यावर वडीवर उरलेला फेस तसाच राहू द्यायला हरकत नाही, मात्र साचलेले पाणी ओतून टाकावे आणि डबी उघडी ठेवावी. झाकण लगेच लावणे ही सर्वांत घातक सवय आहे. आत कोंडलेली वाफ झाकणाला धरते, पुन्हा वडीवर ठिबकते आणि दुसऱ्या दिवशी वरचा थर लिबलिबीत झालेला आढळतो. डबी न्हाणीघरातही ठेवू नये. आपल्याकडे बादलीतून तांब्याने पाणी घेताना कोनाड्यापर्यंत शिंतोडे उडतात आणि नंतर तासन्‌तास तिथली हवा दमट राहते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या न्हाण्यांत तर पावसाळ्यात काहीच वाळत नाही. खोलीत, पंख्याचा वारा लागेल अशा जागी, पण उन्हापासून दूर डबी ठेवावी आणि वडी हाताला कोरडी लागल्यावरच झाकावी.

वडी वाटीत सैल बसत असेल तर वरून वाळवून भागत नाही. तिच्याखाली पाण्याचा पातळ थर अडकतो, वरची बाजू खडखडीत दिसते आणि खालची बाजू मात्र चिकट होऊन तिला कुबट वास येऊ लागतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे वडी किसणीच्या मोठ्या भोकांवर किसून घेणे. तो कीस थोडा थोडा वाटीत घालून, अगदी मोजके थेंब पाणी शिंपडून, चमच्याच्या पाठीने कडेपासून मध्याकडे दाबत जावे. एक-दोन दिवस वाटी उघडी ठेवली की साबण वाटीला घट्ट धरतो आणि खाली पाणी शिरायला फटच राहत नाही. वाटी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची असावी. ॲल्युमिनियमला साबणातला क्षार खातो, पत्र्याची डबी गंजते आणि लाकडी वाटी सतत ओली राहिली तर तडकते.

उन्हाळ्यात काळजी नेमकी उलट घ्यावी लागते. वैशाखातल्या कोरड्या हवेत वडी दिवसरात्र उघडी राहिली तर तिला भेगा पडतात, आणि सुगंधही उडतो. त्यातही लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास सर्वांत आधी जातात. त्या दिवसांत वडी वाळताच झाकण लावावे.

क्रीमच्या बरणीला हे सगळे नियम लागू नाहीत, पण तिच्यात ओला ब्रश बुडवू नये. कोरड्या चमच्याने लागेल तेवढे क्रीम काढावे, कारण आत गेलेल्या पाण्याने क्रीम पातळ होते आणि ते टिकवणाऱ्या द्रव्यांचा जोरही कमी होतो. तुरटीचा खडाही साबणाशेजारी ठेवू नये. आमच्याकडच्या बहुतेक मराठी घरांत दोन्ही एकाच ताटलीत दिसतात, परंतु तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. ते वडीवर उतरले की वरचा थर पांढरट, फुटल्यासारखा होतो आणि त्यावर ब्रश फिरवून फेस धरत नाही.

जास्तीच्या वड्या मूळ वेष्टनातच, कपाटाच्या खालच्या, थंड कप्प्यात ठेवाव्यात. साबणातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन कालांतराने ते खवट होऊ शकते, आणि तेव्हा वडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके उमटतात. ठिपका लहान असेल तर तेवढा भाग सुरीने खरवडून उरलेली वडी हुंगून पाहावी. वास स्वच्छ असला तर ती वापरता येते. खवट वास आतपर्यंत मुरला असेल, तर ती वडी चेहऱ्याला न लावता फरशी पुसायची फडकी धुण्यासाठी काढून ठेवावी.