गॅरेजातली बंदूकदुरुस्ती आणि तलाठ्याची लेक

आमच्या गॅरेजात गाडी राहत नाही. तिथे एक जुना लेथ आहे, ड्रिल मशीन आहे आणि भिंतीला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी तिजोरी. नवरा दिवसा कारखान्यात टूल अँड डायचं (साचे आणि हत्यारं घडवायचं) काम करतो आणि गेल्या दीड वर्षापासून संध्याकाळी लोकांच्या बंदुका दुरुस्त करतो. कुडाळला फोनवर हे सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पोलीस काही म्हणत नाहीत?"

पोलीस खरंच काही म्हणाले नाहीत. अडवलं ते आमच्या ग्रामपंचायतीने.

पण आधी हे खूळ कुठून आलं ते सांगते. आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्याच्या खेड्याकडच्या भागात राहतो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या सोमवारी इथे बंदुकीने हरणाची शिकार सुरू होते, आणि त्या दिवशी कारखान्यात अर्धी माणसं नसतात. त्याआधीचे दोन महिने नवऱ्याच्या मागे सहकाऱ्यांचा लकडा असायचा. एकाच्या शॉटगनच्या नळीत चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचा तुकडा) अडकलेला, दुसऱ्याच्या दस्त्याला तडा, तिसऱ्याला दुर्बीण बसवून हवी. हा फुकटात करून द्यायचा, फार तर कोणी हरणाचं मांस आणून द्यायचं (ते आम्ही दोघं खात नाही, शेजाऱ्यांची चंगळ).

ओळखीपाळखीत अधूनमधून केलेली दुरुस्ती कायद्याला चालते. पैसे घेऊन नियमित करायची, तर मात्र १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे तुम्ही विक्रेते ठरता, आयुष्यात एकही बंदूक विकली नाहीत तरी. मग फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा परवाना लागतो, 'टाइप ०१'. तीन वर्षांचे २०० डॉलर, म्हणजे १७-१८ हजार रुपये, आणि नूतनीकरणाला ९०. एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर असताना हा विचारही शक्य नव्हता. त्या व्हिसावर, शिकारीचा परवाना असल्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगणं हाच गुन्हा. ग्रीन कार्ड आल्यावर ती आडकाठी गेली.

अर्ज एटीएफ नावाच्या केंद्रीय खात्याकडे जातो. मद्य, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं असा सगळा संसार त्या एका खात्याच्या नावात आहे. अर्जासोबत फोटो आणि बोटांच्या ठशांची दोन कार्डं. एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला, आमच्याकडे शेरिफला, पाठवायची. मी चार वेळा वाचून खात्री केली : कळवायचं आहे, परवानगी मागायची नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या माणसांच्या गावातून आलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

मात्र त्याच अर्जात एक साधं वाक्य आहे : या जागेत हा धंदा करणं स्थानिक नियमांत बसतं का? आमचं घर ज्या टाउनशिपमध्ये (मी जिला ग्रामपंचायत म्हणते ती हीच) आहे तिथल्या नियमांप्रमाणे राहत्या घरात धंदा करायला मंजुरी लागते. त्यासाठी जाहीर सुनावणी. वर्तमानपत्रात नोटीस, आजूबाजूच्या घरांना पत्रं. मी आठवडाभर नीट झोपले नाही. तपकिरी रंगाचं जोडपं घरात बंदुका ठेवणार, हे ऐकून लोक काय बोलतील?

टाउनशिपच्या सभागृहात लोखंडी खुर्च्यांवर नऊ माणसं होती. समोरच्या आजोबांनी विचारलं, गिऱ्हाइकांच्या गाड्या माझ्या गवतावर चढणार का? दुसऱ्या बाईंना पाटीची काळजी होती, दिव्यांची पाटी नको. घरामागे बंदुका झाडून बघणार का, हा प्रश्न आला, पण तोही आवाजासाठी, त्यांचा कुत्रा घाबरतो म्हणून. बंदुका या विषयावर एक अक्षर नाही! आम्ही लिहून दिलं : पाटी नाही, नोकर नाही, वेळ ठरवूनच गिऱ्हाईक येईल, चाचणी नेमबाजीच्या रेंजवर. मंजुरी मिळाली. शेवटी तेच आजोबा आपली बंदूक कधी आणू म्हणून विचारत होते.

घराचा विमा मात्र त्याच आठवड्यात डोकेदुखी झाला. कंपनीने धंदा ऐकताच हात वर केले, दुसरी शोधण्यात महिना गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

मग एटीएफचा तपासनीस घरी आला. मी पोहे केले होते. हे तपासनीस स्वतः बंदूक बाळगत नाहीत, त्यांना अटक करायचा अधिकारही नसतो. ते हिशेब तपासणारे लोक. त्याला मुख्य शंका एकच होती : हा खरंच धंदा करणार, की स्वतःसाठी घाऊक भावात बंदुका घ्यायला परवाना मागतोय? नवऱ्याने त्याला लेथ दाखवला आणि पाऊण तास स्प्रिंग या विषयावर बोलला. शंका फिटली असावी. त्याने पोहे खाल्ले नाहीत, सरकारी माणूस म्हणून. नंतर तो वही काढून बसला, आणि इथे माझा प्रवेश झाला.

या धंद्यात पाना-हातोडीइतकीच वही महत्त्वाची. पानं सुटी करता येणार नाहीत अशी बांधलेली वही हवी. बंदूक कोणत्या बनावटीची, मॉडेल, क्रमांक, प्रकार, कॅलिबर (नळीचा व्यास), कोणाकडून कधी आली, कोणाकडे कधी गेली. रात्री मुक्कामाला राहिली की नोंद हवीच. गिऱ्हाईक थांबलं आणि त्याच दिवशी घेऊन गेलं तर नको. चुकलं तर खोडरबर किंवा पांढरी शाई नाही, एक रेघ मारून सही आणि तारीख. माझे बाबा तलाठी होते. फेरफाराच्या वहीत खाडाखोड म्हणजे काय, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले आहे. वही माझ्याकडे आली.

तपासनीस वर्षातून एकदा वॉरंटशिवाय ती बघायला येऊ शकतो. धंदा बंद केला की सगळं दप्तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, एटीएफच्या केंद्राकडे पाठवायचं. गंमत म्हणजे बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही करायला १९८६च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथे स्कॅन केलेली कोट्यवधी पानं आहेत पण मालकाचं नाव टाकून शोधता येत नाही. आपल्याकडे नाव टाकून घरबसल्या सातबारा निघतो!

एकदा एक म्हातारे गृहस्थ जुनी बावीसची रायफल ठेवून गेले. क्रमांकच नाही. मी घाबरले, पण १९६८च्या आधी कित्येक स्वस्त रायफलींवर क्रमांक घालतच नसत; वहीत 'क्रमांक नाही' असंच लिहायचं. घ्यायला मात्र मुलगा आला. ज्याने दिली त्याच्याच हाती परत केली तर काही भानगड नाही. दुसऱ्या कोणाला द्यायची तर ४४७३ नंबरचा अर्ज आणि एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी. "माझ्या बापाचीच बंदूक आहे," तो म्हणाला. मी मान हलवली आणि अर्ज पुढे केला. तो रागावून गेला, दुसऱ्या दिवशी बापाला गाडीत बसवून घेऊन आला.

आणि गेल्या महिन्यात आली ठासणीची बंदूक. थेट कुडाळच्या माझ्या आजोबांच्या बंदुकीसारखी, गजासकट. मी वही उघडली तर नवरा म्हणाला, मिटव. नळीच्या तोंडातून काळी दारू ठासायची बंदूक फेडरल कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म'मध्ये मोडतच नाही. नोंद नाही, तपासणी नाही.

आजोबांची ती बंदूक आता काकांकडे आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरं आणि वांदर हुसकायला. त्या रात्री मी त्यांना फोन लावला.

"निवडणूक लागली गो," काका म्हणाले. "आत्ताच पोलीस ठाण्यात बंदूक जमा करून इलंय. पावती घेतलंय."

मी म्हटलं, काका, इथे त्या बंदुकीला सरकार बंदूक म्हणतच नाही.

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"मगे तिका थंय काय म्हणतत? विळी?"