‘कशावरून?’ची वही आणि फुरशाचा तास

मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. माहेर सातारकडचं, त्यामुळे दहा वर्षांनंतरही गावात मी ‘घाटावरच्या बाई’च आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी वर्गात एक वही सुरू केली. घरी, बाजारात, मोबाइलवर ऐकलेलं एखादं विधान मुलांनी तिच्यात लिहायचं आणि खाली एकच प्रश्न: कशावरून? शनिवारी शेवटच्या तासाला त्यातलं एक विधान फळ्यावर घ्यायचं. मुलं त्या तासाची वाट बघायला लागली.

ऑगस्टमध्ये एका मुलानं लिहिलं, ‘माझ्या आज्यान मंत्रान चाळीस जणांचा साप उतरवल्यान.’ इथे हा प्रश्न पुस्तकी नाही. कातळावर, जांभ्याच्या गडग्यात फुरसं हा विषारी साप असतोच. मुलं पायवाटेनं शाळेत येतात. मी फळ्यावर चार चौकटी आखल्या: मंत्र घातला आणि वाचला, मंत्र घातला आणि दगावला, मंत्र घातला नाही आणि वाचला, मंत्र घातला नाही आणि दगावला. पहिली चौकट लगेच भरली. उरलेल्या तीन रिकाम्याच राहिल्या, कारण त्यातली माणसं कोणी मोजलीच नव्हती. मग मुलांनीच विचारलं, चावलेला साप कोणता होता? बहुतेक साप बिनविषारी असतात, धामण चावलेला माणूस काही न करताही वाचतो. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तो तास फार सुंदर झाला, असं मला वाटलं होतं.

त्या मुलानं रात्री जेवताना सगळ्यांसमोर आजोबांना विचारलं, ‘आज्या, साप खयचो होतो ता तुका म्हायत होता?’ आजोबा ताटावरून उठले.

सोमवारी दहा-बारा माणसं शाळेत आली. बाई देवधर्म मानत नाहीत, पोरं उलट बोलायला लागली, हे दहावीला कामाचं नाही. एक आई मात्र रडत होती. ती म्हणाली, ‘बाईनू, तुमी जाशात बदली होऊन. आमका ह्याच गावात ऱ्हवचा हा.’ तिचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. इथे शब्द दुखावला तर लग्नकार्यात, पालखीत, विहिरीवर त्याची किंमत मोजावी लागते. शनिवारचा तास बंद करा, असं मला सांगण्यात आलं.

मी दोन रात्री टिपण लिहिलं. संविधानाच्या ५१ क कलमात १९७६ साली मूलभूत कर्तव्यं आली, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी आहे. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर याच तालुक्याचे, ‘दर्पण’ त्यांनी १८३२ मध्ये काढलं. टिपण वाचलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं, तास बंदच राहिला. एका सहकाऱ्यानं सुचवलं, २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा दाखवा. साप-विंचू चावल्यावर माणसाला उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. पण तो कागद मी पिशवीतून बाहेर काढला नाही. आजोबांनी कोणाला दवाखान्यात जाऊ दिलं नाही हे तरी मला कुठे माहीत होतं? मी स्वतःच ‘कशावरून’ विचारलं नव्हतं.

म्हणून त्यांच्याकडे गेले. ते खळ्यात बसून झावळीचे हीर काढत होते. सुरीनं पात सोलायची, हीर बाजूला ठेवायचा, पुढची पात. वर बघितलं नाही. मी म्हटलं, तो प्रश्न माझा होता, नातवाचा नाही. आणि चारचौघांत, जेवणाच्या पानावर तो विचारायचा नसतो हे मी त्याला शिकवायला हवं होतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘बसा.’

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी तयार नव्हते. ‘फुरसा असला तर गाडी करा, असा सांगतंय मी. धामण चावली तरी माणूस भियान मरता. तेका धीर देवचो लागता.’ ओळखता कसं, विचारलं. तर दाताची खूण बघतात, थोडा वेळ बसवून ठेवतात, तोंड उघडायला लावून हिरड्यांतून रक्त येतंय का बघतात. फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून हिरड्यांतून येतं. म्हातारा तपासत होता! फक्त त्या वेळात विष भिनत जातं, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. ते गप्प राहिले.

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आणि आजोबा, दोघंही वर्गात आले. मुख्याध्यापक आणि चार पालक मागच्या बाकावर. डॉक्टरांनी काचेची कोरडी, स्वच्छ परीक्षानळी दाखवली. रुग्णाचं थोडं रक्त तिच्यात घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, नंतर नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नाही तर प्रतिविष सुरू. आजोबा पुढे वाकून ती नळी बघत होते. मग ते फुरशाबद्दल बोलले, वेटोळं करून खवले कसे घासतं, तो खरखर आवाज कसा ओळखायचा. मधेच एका मुलीनं हात वर केला, ‘आजोबा, मंत्रानं विष उतरतं हे कशावरून?’ वर्ग चिडीचूप. ते म्हणाले, ‘माज्या बापाशीन सांगितल्यान म्हणून. मी कधी मोजूक नाय.’

तास परत सुरू झाला, दोन अटींवर. महिन्यातून एकदा पालकांनी बसायचं, ही अट मला आवडली. दुसरी अट, देवळातल्या कौलाचा, म्हणजे देवाला लावलेलं फूल कुठल्या बाजूला पडतं त्यावरून उत्तर घेण्याचा, विषय काढायचा नाही. ती मी मान्य केली, कारण नाही म्हटलं असतं तर वहीच गेली असती. एका घरानं मुलीला अजूनही शनिवारी शेवटच्या तासाआधी घरी न्यायचं थांबवलेलं नाही.

पण वहीत एक पान आहे. कोणी लिहिलंय मला अक्षरावरून कळतं, नाव मी विचारलं नाही. ‘कौलाचं फूल उजवं पडतं की डावं, ते फूल किती ओलं आहे त्यावर ठरतं का?’ इतका नीट, तपासता येईल असा प्रश्न माझ्या वर्गात आजवर आला नव्हता, आणि तोच मला फळ्यावर घेता येत नाही. पुढच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, तिथे दुसरी अट काढा म्हणून अर्ज देणार आहे. आजोबांना सोबत येता का विचारलं. ते म्हणाले, ‘ह्येच्यात माका घेव नकात, बाईनू.’ अर्ज मी एकटीच्या सहीनं लिहिलाय.