बझर वाजला, पण आधी त्याचं चित्र जमायला हवं होतं

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि नेमकं किती वाजता ते पाण्यालाच ठाऊक. रात्री उठून नळाला कान लावायचं काम घरात कायम माझ्याकडे. शेवटी वैतागून मी एक बझर जोडला. ९ व्होल्टची बॅटरी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, करंट अडवणारा १० किलोओमचा एक रेझिस्टर आणि नळाखालच्या बादलीत सोडलेल्या दोन उघड्या तारा, एवढंच. तारांना पाणी लागलं की किंचित करंट ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायाला जातो, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बझर बोंबलायला लागतो.

शेजारच्या मित्रालाही तसाच हवा होता. मी पाठकोऱ्या कागदावर सर्किट काढून फोटो पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन, ‘वाजंना बे!’ जाऊन बघितलं तर ट्रान्झिस्टर उलटा बसवलेला, आणि माझ्या चित्रात दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या होत्या तिथं त्यानं तारा चक्क डाग देऊन जोडलेल्या. चूक त्याची नव्हती. माझं चित्रच तसं होतं. म्हटलं, आता ते कॉम्प्युटरवर नीट काढू.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. दिवसभर एक्सेल, म्हणून पहिला प्रयत्नही एक्सेलमध्येच. चौकोन, रेघा, गोल, सगळं छान जमलं. मग रेझिस्टर जरा डावीकडे सरकवला, तर रेघा जागच्या जागी लोंबकळत राहिल्या. एक्सेलला ती रेघ म्हणजे रेघ. ती तार आहे हे त्याला कोण सांगणार?

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “मामा, फ्रिट्झिंग बघा.” बघितलं. सर्किटचं चित्र काढायचाच प्रोग्रॅम. डाग न देता पार्ट खोचायची पट्टी असते त्या ब्रेडबोर्डचं हुबेहूब चित्र, त्यात खोचलेले रंगीत पार्ट, बघूनच जीव हरखला. पण कोड खुला असला तरी त्यांच्या साइटवरून तयार प्रोग्रॅम उतरवायला थोडे युरो मागतात. मागू देत, त्यांचंही पोट आहे. मला मात्र फुकटातलंच हवं होतं. तसलंच इझीईडीए फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं, पण आमच्याकडे लाइट गेली की वायफाय जातं आणि चित्र अर्ध्यावर अडकतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ईसिमही बघितलं. त्यात चित्रासोबत सर्किट चालवूनही बघता येतं. कॉलेजच्या पोरांना उत्तम, माझ्या पाच पार्टांना जरा जास्तच.

मध्येच एक गोष्ट हाती लागली ती मात्र मी कुणालाही आधी उघडायला सांगीन. फाल्स्टॅडचा सर्किट सिम्युलेटर, म्हणजे सर्किट पडद्यावरच चालवून दाखवणारा. ब्राउझरमध्ये उघडतो, लॉगिन नाही, काही नाही. करंट पिवळ्या ठिपक्यांसारखा तारेतून पळताना दिसतो. पाण्याच्या जागी मी १०० किलोओमचा रेझिस्टर टाकला आणि मध्ये एक स्विच. स्विच दाबला, बेसकडं ठिपके मुंगीच्या चालीनं निघाले आणि कलेक्टर या दुसऱ्या पायाकडं धो धो सुटले. ट्रान्झिस्टर म्हणजे काय, हे शाळेत पाठ केलं होतं. कळलं त्या रात्री. पण हे समजून घ्यायचं साधन. छापून कुणाच्या हातात द्यायला ते नाही.

शेवटी कायकॅड (KiCad) या सर्किट काढायच्या फुकट प्रोग्रॅमवर आलो. एक जीबीच्या वरचं डाउनलोड, त्यामुळे रात्री लावून झोपलो. एवढं मोठं फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणार, असं वाटत होतं. मग वाचलं की १९९२मध्ये फ्रान्समधल्या जाँ-पिएर शारा यांनी ते सुरू केलं आणि २०१३पासून सर्नसारख्या अणुसंशोधन करणाऱ्या संस्थेनं त्याला हातभार लावला. तिथं मी गप्प बसलो.

पहिल्या दिवशी रेझिस्टर शोधला तर आला आयताकृती डबा. आपल्या डोक्यात शाळेतली नागमोडी रेघ! ती आर_यूएस या नावानं वेगळी ठेवलीय. ‘ए’ दाबून पार्ट आणायचा, ‘डब्ल्यू’नं तार ओढायची, ‘आर’नं फिरवायचं. ‘एम’नं पार्ट सरकवला आणि परत तेच, तारा मागं राहिल्या! म्हटलं, हे तर एक्सेलच झालं. अर्ध्या तासानं कळलं की तारांसकट ओढायला ‘जी’ आहे.

चित्र पूर्ण झाल्यावर ईआरसी नावाची जोडण्यांची तपासणी चालवली. एका ठिकाणी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती. डोळ्यांना दिसत नव्हतं, त्याला दिसलं. ते दुरुस्त केलं तरी ‘पॉवर पिनला पुरवठा नाही’ ही ओरड थांबेना. बॅटरी तर समोर काढलेली! इथं मी दोन संध्याकाळी घालवल्या. कायकॅडच्या हिशेबात बॅटरीची पिन पुरवठादार धरली जात नाही. बॅटरीच्या तारांवर पॉवर फ्लॅग नावाची खूण लावून सांगावं लागतं की बाबा, वीज इथून येते. खूण लावली, ओरड थांबली. ताळेबंद जुळल्यावर होतो तसा आनंद झाला.

जिथं तारा खरंच जुळतात तिथं कायकॅड ठळक ठिपका देतो. नुसत्या ओलांडून गेल्या तर ठिपका नाही. ट्रान्झिस्टरच्या पिनांना १, २, ३ आकडे आपोआप येतात. मी कडेला मराठीत लिहिलं, ‘सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.’ पीडीएफ काढली, प्रिंट मारून मित्राच्या हातात दिली.

त्यानं रविवारी जोडलं. मंगळवारी पहाटे तीन वाजता त्याच्या अंगणातून बझर सुरू झाला आणि पाच मिनिटांत सगळी गल्ली जागी. फोन आला, “पाणी आलंय, पण हे बंद कुठनं करायचं बे?”

चित्रात स्विच मी दाखवलाच नव्हता. माझ्या घरी मी बॅटरीची क्लिपच उपसत होतो.