सत्तेचाळीस की सदतीस

भुताखेताचे सिनेमे मला फारसे बाधत नाहीत. गिरगावातल्या चाळीत, दीड खोलीत नऊ माणसांत वाढलेल्याला भुताची भीती बसणार कशी? रात्री भूत आलंच असतं, तर आधी त्याचा पाय काकाच्या गादीवर पडला असता आणि शिव्या भुतानंच खाल्ल्या असत्या. १९८०च्या ‘द शायनिंग’मध्ये बर्फात अडकलेलं ते अवाढव्य हॉटेल आणि राहायला माणसं तीन. बाप कुऱ्हाड घेऊन बायकोपोराच्या मागे लागतो तेव्हा टरकलो, खोटं कशाला बोला; पण मनात चाळकरी हिशेब चालूच होता, अरे, खोल्या किती रिकाम्या!

झोप उडवली ती ‘गॅसलाइट’नं. १९४४चा, कृष्णधवल. लंडनमधलं घर, इन्ग्रिड बर्गमन आणि तिचा गोडबोल्या नवरा. वस्तू तो स्वतःच लपवतो आणि वर तिलाच म्हणतो, तू हल्ली फार विसरतेस. रात्री तो बाहेर पडला की तिच्या खोलीतला दिवा मंद होतो, डोक्यावर पावलं वाजतात. तोच शेजारच्या घरातून चढून बंद माळ्यावर शिरलेला असतो, त्याच घरात आपण मारलेल्या गायिकेची रत्नं शोधत. वर गॅस पेटला की खालची ज्योत बसते, एवढीच भानगड. बाईला दिसतंय ते खरंच असतं. घरातलं कुणी ‘हो’ म्हणत नाही. ‘गॅसलायटिंग’ हा शब्द यातूनच आला. आमच्या ऑफिसातली पोरं तो हल्ली चहा गार आला तरी वापरतात.

माळा आमच्याकडेही होता. पोटमाळा. वर ताठ उभं राहता यायचं नाही. गणपतीचं मखर, तांब्याचा बंब आणि आजीचा पैशांचा डबा. तिला शिडी चढवत नसे, म्हणून दर रविवारी मी डबा खाली आणायचो. मोतीबिंदूमुळे ती नोटा बोटांनी चाचपून मोजायची आणि कॅलेंडरच्या मागे आकडा मी लिहायचो.

एका रविवारी ती थबकली. “मागल्या खेपेला सत्तेचाळीस होते ना रे?”

“नाही आजी, सदतीस. हे बघ, लिहिलंय.”

चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा होता. सिनेमा कुठला, तर भुताचा.

पुढे ते दोन-तीनदा झालं. बाबा म्हणाले, “आई, भास होतात तुला.” काकू म्हणाली, वय झालं. आजी मात्र काकूकडे बघायची आणि काकू माझ्या आईकडे. दोन महिने मोरीत भांडी जरा जास्तच आपटली जात होती. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून सगळं ऐकायचो. अक्षर तेव्हा फार सुंदर होतं माझं.

मग घाबरून मी हात आवरला. त्यानंतरच्या रविवारी आजीनं डबा उघडलाच नाही, माझ्यापुढे सरकवला. “आज तूच मोज.” मोजले. पैनपै बरोबर होते. खरा आकडा सांगितला, जरा मोठ्यानंच.

“बरं,” आजी म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून काकूला हाक मारली. “अगं, जरा इकडे ये. तू मोज बघू.”